पाचव्या निदलाची झालर

ता. ४ मार्च

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

प्रस्तुत पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: गुलाबांच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत माझ्या चित्राच्या जागी छापावे म्हणून तू पाठवलेले चित्र झुडपावरून काढलेले नसून माझ्याच चित्रावरून गिरवलेले आहे. दोन्हींत फूल उजवीकडे कललेले, कळी वर, उभे चिरलेले फळ खाली. दोन्हींत सात पर्णिकांचे पान आणि तिसऱ्या पर्णिकेच्या कडेला तसाच गोल काप. शिवाय गेल्या महिन्यात मी परगावी असताना तू येऊन गेलीस, आणि चित्रांच्या कपाटाची किल्ली मला उलटी टांगलेली आढळली. परीक्षक या नात्याने संपादकांना नकाराचे पत्र लिहून ठेवले आहे. ते टाकण्यापूर्वी तुझा खुलासा यावा.

माया आहेच, ती या प्रश्नाच्या आड येणार नाही.

तुझी मावशी

ता. ७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मायन्यात ‘मुंगी’ दिसली नाही, तेव्हाच पत्र आईपुढे धरले. आई म्हणाली, तिला घरच्या मांजराचाही संशय येतो, मनावर घेऊ नकोस. पण हे माझे पहिलेच चित्र; तूच नाकारलेस तर दुसरे कोण मागेल?

कपाट मीच उघडले. तुझे भिंग घेतले, तुझ्या अंगणातल्या झुडपासमोर तीन सकाळी बसले, भिंग परत ठेवले. मांडणी तुझीच, कारण शिकवलीस तूच. गोल काप पाने कापणाऱ्या माशीचा; ती दरवर्षी तिथे येते, आणि तिने तुझे चित्र पाहिले असेल असे वाटत नाही.

आता फुलामागची पाच हिरवी निदले बघ. तुझ्या चित्रात पाचही निदलांना झालर आहे. माझ्या चित्रात दोन निदलांना दोन्ही कडांना, दोहोंना मुळीच नाही, पाचव्याला एकाच कडेला. गिरवले असते तर झालरही गिरवली नसती का? फूल उलटून बघ.

राग ओसरला की आठवण काढ.

तुझीच मुंगी

ता. १० मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

अकरा फुले उलटून पाहिली. अकराव्यापर्यंत अपवादाची आशा होती, हे नमूद करते. प्रत्येकात दोन, दोन आणि एक. नकाराचे पत्र फाडले. तुझे चित्र शिफारशीसह आजच रवाना केले.

भिंग परत ठेवलेस, पण पुसले नाहीस. आईला सांग, मांजरावरचा संशय कायम आहे.

पुढील कबुली जपून ठेव. झालर चुकली, तो हाताचा दोष. विचाराची चूक एकच: तुझे चित्र फुलाशी ताडायचे सोडून मी ते माझ्या चित्राशी ताडले.

(सही)
तुझी मावशी