रोज काढलेला इंडेक्स

३ मार्च
पुन्हा हजर! काल काढून टाकला होता. हॉस्पिटलचा डेटाबेस अकरा वर्षं मी सांभाळतेय, आणि हे नवं ऑटोमॅटिक प्रकरण रात्रीत आपल्या मनाने इंडेक्स बनवून ठेवतं. पुस्तकामागे सूची असते तसा इंडेक्स — शोधलेलं पटकन सापडतं, मान्य. पण शब्दाशब्दाची सूची केली तर पुस्तकापेक्षा तीच जाड! नवा पेशंट आला की त्या सगळ्या सूच्यांत नोंद, मग खिडकीवर रांग, आणि बोलणी मला.

साहेब म्हणाले, "आता तुम्हाला आरामच की!" या आरामाचा अर्थ कळतो मला.

४ मार्च
इंडेक्स कशावर, तर 'ओळखखूण' या रकान्यावर. नाव-गाव न कळलेल्या पेशंटांसाठीचा रकाना. दिवसातून एकदा, सकाळी दहाच्या सुमारास, रेकॉर्डच्या खिडकीवरून कुणीतरी त्यात शोधतं. एकदा! काढला.

५ मार्च
काढला.

६ मार्च
काढला. लेक म्हणते, "आई, तू मशीनशी भांडतेस?" हो, भांडते! माझ्या पोटावर पाय देतंय ते.

९ मार्च
आज डोकंच फिरलं. शोधतंय कोण ते बघायला दहाला रेकॉर्डच्या खिडकीवर गेले. तिथला कारकून शांतपणे म्हणाला, "मीच की. त्या शिलाईवाल्या बाई येतात ना रोज, त्यांचा भाऊ हरवलाय. स्वतःचं नावही आठवत नाही त्याला. डाव्या हाताला चारच बोटं. ती खूण टाकून बघतो, नसतो, तसं सांगतो."

"किती दिवस?"

"झाला असेल महिना. आत्ताच गेल्या."

त्याने पुन्हा खूण टाकून दाखवली. चक्र फिरत राहिलं. अर्ध्या मिनिटाने पडदा कोरा. "बघा, नाही."

कोरा म्हणजे नाही असं नव्हे! अर्ध्या मिनिटात शोध संपला नाही तर तो मध्येच तोडायचा, हा नियम माझाच. लाखो नोंदी इंडेक्सशिवाय तेवढ्यात चाळून होतात होय? आणि तो इंडेक्स रोज नऊ वाजता, आल्या आल्या, मी काढत होते. मशीनला कळलं ते मला कळलं नाही. लाज वाटते.

आत्ता मर्यादा काढून तोच शोध माझ्या जागेवरून लावलाय. चार मिनिटं झाली. अजून चालूच —

१० मार्च
वॉर्ड सात, दुसरा मजला. बाईंचा भाऊ तेवीस दिवसांपासून इथेच आहे. बाईंना मीच वर घेऊन गेले. भावाने ओळखलं त्यांना. बाई माझे हात धरून म्हणाल्या, "तुमच्यामुळे सापडला हो!" मी हो म्हटलं.