दहाव्या बटणाची कैफियत

तीर्थरूप भावोजींच्या पायांशी हरिश्चंद्राचा दंडवत पोचावा.

आपली साखर, आपला रक्तदाब आणि आपल्या सोसायटीचं पाणी या तिन्ही गोष्टी आटोक्यात असतील अशी आशा आहे. अक्काचा गुडघा ऑपरेशननंतर कितपत वळतो तेही कळवा. तिलाच विचारलं असतं, पण शिमगा होऊन पाच दिवस झाले, ती माझा फोन घेत नाही. काल घेतला तो फक्त माझ्या तोंडावर कापण्यासाठी. म्हणून कागद घेतला. कागद मधेच कापता येत नाही (फाडता येतो, पण माझी बहीण तुमच्या हातातलं काही फाडणार नाही).

अक्काची समजूत अशी आहे की पालखीची ओटी तिला दिसू नये म्हणून आम्ही नवराबायकोने संगनमताने तिचा टीव्ही काळा केला. काळा मीच केला हे खरं, पण त्यात सखूचा काही हात नाही, आणि हे अक्काला पटलं नाही तर माझं काही खरं नाही. चार वर्षांपूर्वी घरापुढचं खळं वाढवताना सखूने अक्काने लावलेला, कोकमं देणारा रातांबा तोडला, तेव्हापासून दोघींचं बोलणं माझ्यामार्फत चालतं. (शेजारी शेजारी जेवायला बसून, "हरी, तिला सांग मीठ सरकव.") यंदा अक्का येत नाही म्हटल्यावर सखू आपण होऊन म्हणाली की वन्संच्या नावाने ओटी मी भरते, तुम्ही त्यांना दाखवा. भावोजी, त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की मी तिला न विचारता दुसऱ्यांदा चहा मागितला आणि तिने तो दिला.

आता यंत्राविषयी. तुमच्या मुंबई मंडळाने जो स्विचर पाठवला, त्यात चार कॅमेऱ्यांची चित्रं येतात आणि आपण निवडू ते मुंबईकरांना घरबसल्या टीव्हीवर दिसतं. शिवाय वर मॅक्रोची दहा बटणं आहेत. मॅक्रो म्हणजे काय, ते रत्नागिरीतल्या एका स्टुडिओवाल्याने समजावलं. आपण एकदा हाताने जी कामं करू ती यंत्र टिपून घेतं, मग ती एका बटणाला नेमून द्यायची, की बटण दाबताच यंत्र तीच कामं त्याच क्रमाने करतं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, लोट्याच्या केमिकल कंपनीत सव्वीस वर्षं पॅनेलवर काढली आहेत, मला बटणं शिकवू नकोस. तो गप्प झाला. (आता वाटतं, त्याचं एक वाक्य राहिलं होतं.)

पालखी दहा घरी जाते आणि बटणंही दहा, म्हणून मी घरटी एक बटण ठरवलं. दाबलं की त्या खळ्यातला कॅमेरा लागावा, खाली घरवाल्याचं नाव यावं, कोपऱ्यात देवीचा मुखवटा, आणि ढोलाचा आवाज चढावा. काम तासाभराचं होतं. पण गावात बातमी फुटली आणि सगळे मानकरी देवळात हजर. लवू म्हणाला, "हरीदा, आमचा मान दुसरा, तर बटान पन दुसराच पायजे." स्टुडिओवाल्याने लवूचं नाव सहाव्यावर टाकलं होतं. मी सांगून पाहिलं की मुंबईला बटण दिसत नाही, चित्र दिसतं. तर तो म्हणाला, देवीला दिसतं ना. शेवटी देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, मग नऊ बटणं नऊ घरांना मानाप्रमाणे, सगळ्यांच्या देखत, नेमून दिली आणि प्रत्येकाने आपापलं दाबून खात्री करून घेतली. पहिल्या मानकऱ्यांनी तर चार वेळा दाबलं.

आपलं घर मानात दहावं. सगळे पांगल्यावर मी शेवटचं बटण एकट्याने, अगदी मन लावून बांधलं. नावाच्या पट्टीवर माझं नाही, अक्काचं नाव घातलं, माहेरवाशीण म्हणून. आणि इथेच घात झाला. काम संपलं की पॅनेल सोडण्याआधी सगळं क्रमाने बंद करायचं, ही माझी सव्वीस वर्षांची सवय. आवाज बंद केला, नावाची पट्टी काढली, पडदा काळा केला, आणि समाधानाने घरी आलो. यंत्राला मात्र 'आता टिपणं थांबव' असं सांगायचं राहून गेलं होतं. त्याने माझी आवराआवरही इमानाने टिपली. दहावं बटण दाबून बघायला कोणी मानकरी नव्हता, आणि मला स्वतःवर संशय घ्यायची सवय नाही.

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. नऊ घरं झकास झाली. पालखी आपल्या खळ्यात आली, सखू सूप घेऊन पुढे झाली, मी दहावं बटण दाबलं. अक्काचं नाव आलं, ढोल वाजला, आणि अंधार. मी पुन्हा दाबलं. पुन्हा नाव, ढोल, अंधार. असं सात वेळा केलं. घाबरलेला माणूस तेच बटण जास्त जोरात दाबतो, हे मी लोट्याला नव्या पोरांना शिकवत असे. तोवर पालखी देवळाकडे वळली होती.

एवढीच हकिगत आहे. अक्काला म्हणावं, काय शिव्या द्यायच्या त्या मला दे.

आपला,
हरिश्चंद्र

ता. क. खरं काम पुढेच आहे. आपल्या खळ्यातला कॅमेरा लवू धरून होता, त्यातल्या कार्डावर ओटी सबंध आली आहे. ओटी भरून झाल्यावर सखू कॅमेऱ्याकडे वळून अक्काशी बोलली आहे. काय बोलली ते मी लिहीत नाही, मी ते तीन वेळा पाहिलं आणि तिन्ही वेळा मला उठून विहिरीवर जावं लागलं. सखू म्हणते, अंधार झाला तेच बरं, आता ते कुणाला दाखवायचं नाही. कार्ड तिच्या नकळत या पाकिटात घातलं आहे. अक्काला दाखवा आणि फोन करायला लावा. मला नव्हे, सखूला.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. सखूला कळता कामा नये.

भावोजींना सखूचा नमस्कार. पाकीट मी उघडलं. यांनी घातलेलं कार्ड क्रिकेटच्या सामन्यांचं होतं. ते काढून बरोबरचं घातलं आहे. वन्संना दाखवा. बोलले ते मनापासून बोलले. नवा रातांबा मागल्या पावसात लावला आहे, गुडघ्याएवढा झाला. नर निघाला आणि फळ धरलं नाही तर मला बोल लावू नका म्हणावं.