बुखारीची नळी

प्रिय गणराज,

“बुखारी धूर ओकायला लागली की लाकडाला शिव्या घालू नका, आधी नळी बघा,” असं आपले अण्णा म्हणायचे. आपण दोघं तेव्हा पोल्ट्रीच्या शेडात पिल्लांना ऊब देणाऱ्या त्या लोखंडी शेगडीसाठी कंपन्यांतली मोडकी लाकडी पॅलेटं फोडत बसायचो, आणि तू त्यांची हुबेहूब नक्कल करायचास.

जयसिंगमामा रोज फोन करतात, शेड गोडाऊनला दे, निघोज्यात आता कोंबड्या कोण पाळतं? मी नाही म्हटलं. सध्या मी बुखारीच्याच मागे लागले आहे. शेजारी कंपनीची उंच शेड झाल्यापासून वारा तिच्यावरून घसरतो आणि आपल्या नळीतला धूर खाली दाबतो. म्हणून नळी आढ्याच्या वर नेली, मधलं वाकण काढून सरळ केली, काजळी खरवडली. पेटवताना आधी कागद-काटक्यांचा जाळ करते. नळी तापली की ती धूर ओढू लागते, मग कोरडं लाकूड घालते. आडोशाच्या बाजूचा पडदा वरून वीतभर उघडा ठेवते. कामाला येणाऱ्या शालनबाई म्हणाल्या, “ताई, पिल्लांना लोणावळ्याची हवा दाखवताय व्हय?” पण हवा आत आली नाही, तर धूर बाहेर जात नाही.

त्या थंडीत तू सगळे पडदे घट्ट बांधलेस, नळीची झडपही लावलीस. ऊब वाया जाऊ नये म्हणूनच. धूर आतच कोंडला, पिल्लं गेली, तू दारात बेशुद्ध सापडलास. दवाखान्यातून तू थेट चिखलीला खोली घेतलीस, कंपनीत शिफ्ट धरलीस. दिवाळीला येतोस तेव्हा शेडकडे पाठ करून बसतोस. परवा तुझी दीपमाला सांगत होती, साधा गॅस पेटवायलाही तू तिलाच हाक मारतोस. ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही.

रविवारी नवी पिल्लं येताहेत, शनिवारी संध्याकाळी शेड तापवायची आहे. मी पेटवू शकते, शालनबाईही पेटवतील. पिल्लांसाठी तू नसलास तरी चालेल, गणराज. फोनवर शेडचं नाव काढलं की तुला आवाज येईनासा होतो, म्हणून हे लिहिते आहे. तू नाहीच म्हणशील, ओव्हरटाइम आहे म्हणशील. तरी मागते. शनिवारी ये, मी तुझ्या शेजारी उभी राहीन, पण काडी तू ओढ.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच वासंतीताई