क्रीमला बुरशी का येते

डेटन, ओहायो
१४ सप्टेंबर

लाडक्या ओडेसा,

इकडे सगळे बरे आहेत. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्र वाजत नाही, त्यामुळे कापताही येणार नाही.

आपलं पार्लर जोरात चाललंय. मिसेस हॉलोवे दर शुक्रवारी केस सेट करायला येतात आणि दर शुक्रवारी म्हणतात, "व्हर्डेल, मागच्या वेळी बरे झाले होते." माझ्या हाताखालच्या लोरेटाने तिसऱ्या खुर्चीचं रेग्झीन बदलून घेतलं. आता मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दुकान तीच उघडते.

का, ते सांगते.

एप्रिलमध्ये इथल्या कॉलेजात प्रवेशाची माहिती देणार होते. तू शिकागोला निघून गेली होतीस, तरी मी गेले. वाटलं, कागद आणून ठेवू, तुझं मन बदललं तर असावेत. टेबलामागे मिस कोवाल्स्की म्हणून एक बाई होत्या. मी म्हटलं, सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात पडायचं तर मुलीने काय शिकावं? व्यापार, जाहिरात की रसायनशास्त्र?

"मुलगी कुठाय?"

"ती येणार नाही. तिला बहिऱ्या मुलांची शिक्षिका व्हायचंय."

"मग तुम्ही का आलात?"

मी म्हटलं, "मी दुकानात बनवते त्या क्रीमला पाणी का सुटतं, ते तरी विचारावं म्हणून."

त्या हसल्या. "हा प्रश्न तुम्हाला पडलाय, मुलीला नाही. दुकान तुम्ही चालवताच, व्यापार काय शिकणार? रसायनशास्त्र घ्या. पण आधी गणित."

मी घेतलं, ओडेसा. एकोणपन्नासाव्या वर्षी. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पोरं गप्प बसली, त्यांना वाटलं मीच प्राध्यापक. प्रयोगशाळेतला चष्मा माझ्या केसांवरून जात नाही. गणिताच्या पहिल्या चाचणीत शंभरात बासष्ट. मिसेस हॉलोवे म्हणाल्या, "माझे सगळे केस गळायच्या आत पास हो म्हणजे झालं."

आता जे सांगायचं टाळत होते ते.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आपल्या शिया बटरच्या क्रीमच्या बारा डब्यांना बुरशी आली. भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मी तुला म्हणाले की तू ओल्या हाताने झाकणं लावलीस. तू म्हणालीस, हात कोरडे होते. मी ऐकलं नाही. परवा सरांनी शिकवलं, पाणी असलेल्या क्रीममध्ये टिकवण्यासाठी काही घातलं नाही तर त्याला बुरशी येतेच. मी त्यात वाटीवाटी कोरफडीचा रस ओतत होते. चूक तुझ्या हाताची नव्हती. कृती माझी होती. भर वर्गात मला रडू आलं. शेजारच्या मुलीने विचारलं, "मॅडम, डोळ्यात काही उडालं का?" मी हो म्हटलं.

तुझी माफी मागते. लोरेटालाही सांगितलं, दुकान भरलेलं असताना, मुद्दाम मोठ्याने.

आणि तू निघालीस त्या दिवशी मी ओरडले होते, "मग बावीस वर्षं हे दुकान मी कुणासाठी चालवलं?" तू उत्तर दिलं नाहीस, बरं केलंस. उत्तर मला आता सापडलं. माझ्यासाठी. मला हे काम आवडतं, पोरी. क्रीम घट्ट होताना बघायला आवडतं. माझी हौस तुझ्या गळ्यात बांधायला निघाले होते आणि वर त्याला त्याग म्हणत होते.

तुझ्या शिक्षणाबद्दल मी आजवर एक अक्षर विचारलं नाही. आता विचारते. ज्या मुलाला ऐकूच येत नाही, त्याला पहिला शब्द कोणता शिकवता? आणि तो कळला की त्याचा चेहरा कसा होतो?

सवडीने लिही. घाई नाही, मी पुढची चार वर्षं शिकतेच आहे.

दुसऱ्यांच्या चुका काढण्यात पटाईत, स्वतःच्या आत्ताच लाल शाईत बघू लागलेली,
तुझी आई
(रसायनशास्त्र, पहिलं वर्ष)