खोलीबाहेरची पाटी

सृष्टीचे पप्पा,

तुमच्या आईला घेऊन आठच्या एसटीनं जामखेडला चाललेय. भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्यात. शेळीला पाणी दाखवा.

मागच्या आठवड्यात आईंचा एक्स-रे काढला तो गुडघ्याचा. एकदा फोटो निघाला म्हणजे सगळं अंग तपासून झालं, असं त्या धरून बसल्यात. डॉक्टर म्हणाले, त्यात हाडाची झीज दिसते, फुप्फुस दिसत नाही. खोकल्यासाठी छातीचा वेगळा काढावा लागतो. महिना झाला, त्या गोठ्यात जाऊन, तोंडात पदर कोंबून खोकतात. मला म्हणाल्या, "हनुमंताला सांगू नको. मी ऊसतोडीला न्हाई आले तर सृष्टीला कोपीवर कोन बघंल?"

एका कोपीत, तेवढ्याशा झोपडीत, कोण कोण झोपतं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, सगळेच. एकाला टीबी असला तर बाकीच्यांनाही लागू शकतो, म्हणून आता सगळ्यांच्या छातीचे फोटो काढायचेत. उद्या तुम्ही सृष्टीला घेऊन जा.

माझा लगेच काढणार नाहीत. एक्स-रेच्या खोलीबाहेर पाटी आहे, दिवस गेले असतील तर आधी सांगा म्हणून. मागच्या आठवड्यात ती दोनदा वाचली आणि गप्प बसले. आज सांगणार आहे.

दुपारी मुकादम ऊसतोडीची नावं घ्यायला येईल. त्याला माझं नाव देऊ नका. गेल्या साली फडातच पोटातलं गेलं, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही मला मोळी उचलून दिली. मीही घेतली.

परक्या माणसाला सांगायच्या आधी तुम्हाला कळावं, म्हणून लिहिलं.

रोहिणी