मस्त केस

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६, चंद्रपूर

डोकं अजून तापलेलंच आहे. पोरगी वारली तरी माझ्याकडे समुपदेशनाला येणारी सुगंधाबाई रोज तिचं ताट वाढते आणि तिची वाट बघत उपाशी बसते. तिच्याशी कसं बोलावं, हे मी सायबर कॅफेतून समुपदेशकांच्या ग्रुपवर विचारलं होतं. तिला सांगून, नाव न देता. आज सकाळी एका बड्या डॉक्टरांचं उत्तर आलं, 'मस्त केस! फोटो टाका.' त्याखाली बाकीच्यांचं 'हो, टाकाच.' मस्त? मेलेल्या पोरीचं वाढलेलं ताट मस्त?

दुपारी ती कोरपन्याहून आली. बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, मोठ्या डॉक्टरायनं काय सांगतलं माह्याबद्दल?"

"विचार करून राह्यले," मी म्हणाले. चक्क खोटं, आणि तेही त्यांची लाज झाकायला!

"बरं," ती म्हणाली, "त्यायले म्हणा, घाई नाई."