पेटीवरच्या अक्षता

सेरंगून, सिंगापूर
१९ जुलै २०२५

ती. मनोहरमामांना,
अनूचा सा. न. वि. वि.

तुम्ही ईमेल उघडत नाही, म्हणून हे पत्र सूनबाई मेधा छापून तुमच्या हातात देईल. उत्तर नेहमीसारखं हातानंच लिहा, ती फोटो काढून पाठवते. या वेळी मात्र लवकर लिहा. सांगलीत तीस वर्षं लोकांच्या घरातले साप धरणारा मामा आपल्याला आहे, याचा मला पहिल्यांदाच उपयोग होतोय.

गुरुवारी फ्रीझरमध्ये खवलेलं खोबरं शोधताना मटारच्या पिशवीखाली एक पुडी सापडली. आत छोटे, पांढरे, गोठलेले उंदीर. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, मामा. मी किंचाळले नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे. मग आठवलं, क्षिप्रा हल्ली स्वतःची खोली स्वतः झाडते. सोळा वर्षांची मुलगी न सांगता केर काढायला लागली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पलंगाखाली बुटांचं खोकं आणि त्यात साप. नारिंगी, लालसर ठिपक्यांचा, हातभर लांब. कॉर्न स्नेक म्हणतात, विष नाही. तिची मैत्रीण चैत्राली वडिलांच्या बदलीमुळे लंडनला गेली, जाताना हा 'लक्सा' (नाव इथल्या नारिंगी रश्श्याच्या नूडल्सवरून) हिच्याकडे देऊन गेली. इथे साप पाळायला बंदी आहे, हे दोघींनाही ठाऊक होतं.

वरुण म्हणतो, बुकित तिमाहच्या जंगलात सोडून येऊ, कुणाला कळणार नाही. आमचा नागरिकत्वाचा अर्ज गेलेला आहे, त्यामुळे त्याची भीती मला समजते. मला वाटतं, सरळ सरकारी खात्याला कळवावं. क्षिप्रा म्हणते, त्यांनी मारून टाकला तर? आणि तू कळवलंस तर यापुढे मी तुला काही सांगणार नाही. हे ती रागानं म्हणाली असती तर मी मनावर घेतलं नसतं. ती शांतपणे म्हणाली.

तोवर त्याला नीट कोंडून कसं ठेवायचं ते सांगा. आणि मी चुकतेय का, तेही.

मामींना नमस्कार. उंदरांसकट लोभ ठेवावा.
अनू

सांगली
२२ जुलै

चि. सौ. अनूस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र ऐकून तुझी मामी पोट धरून हसली. माझ्या सापांच्या बरण्यांपायी तिनं जे भोगलं ते आता तुझ्या वाट्याला, म्हणाली.

आधी वरुणरावांना सांग, जंगल विसरा. परका साप तिथे एक तर उपाशी मरेल, नाहीतर तिथल्या जिवांच्या मुळावर येईल. मी साप धरतो तो जिथला तिथे सोडतो. याचं 'तिथे' तुमच्या बेटावर नाहीच.

आता पेटी. ते खोकं आजच्या आज टाक. धान्य ठेवायची पारदर्शक पेटी आण, चारी बाजूंना क्लिपा असलेली. झाकणावर वरवंटा ठेवला की झालं, असं समजू नकोस. साप कोपऱ्यात नाक घालतो, आणि डोकं गेलं की बाकीचा जातोच. भोकं डाभण, म्हणजे गोणी शिवायची जाड सुई, तापवून पाडा, बारीक, आणि आतून बाहेर, म्हणजे धारदार कड त्याला लागणार नाही. चिकटपट्टी कुठेही नको, तिला चिकटला तर सोलून निघेल. खाली कागद, पाण्याची जड वाटी, आणि लपायला काहीतरी उपडं. लपायला जागा असली की पळायची घाई नसते. एसीच्या झोतात ठेवू नका. दिवाबिवाही नको, तुमची हवा त्याला पुरे.

निसटलाच तर धावाधाव करू नका. भिंतींच्या कडेनं पिठाची रेघ ओढा, कुठून गेला ते पीठ सांगतं.

येत्या मंगळवारी पंचमी. दूध पाजलंस तर माझ्याशी गाठ आहे.

चुकतेयस का, ते मला कशाला विचारतेस? पण कळवायचं ते पोरीला कळवू दे. तू कळवलंस तर तिच्या लेखी ती चहाडी होईल.

थोरल्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, सापाला पाणी.
मामा

सिंगापूर
२६ जुलै

डिअर मामाआजोबा,
नमस्कार. आई म्हणते सा. न. वि. वि. लिही, पण त्याचा फुल फॉर्म मला माहीत नाही. माझं मराठी स्लो आहे, सॉरी ला.

बॉक्स झाला. भोकं बाबांनी पाडली. आधी ते माझ्या रूममध्ये पण येत नव्हते, आता जुरोंग आयलंडवरून, कामावर असताना पण मेसेज करतात, लक्सा काय करतोय. लपायला आईची फुटकी कुंडी दिली. फोन मी करणार, बुधवारी. मंगळवारपर्यंत टेस्ट आहेत म्हणून टाइम मागितला. आई हो म्हणाली, पण तोंड असं करते की चोरी तिनेच केली.

एक विचारते, खरं सांगा. ते त्याला मारतील का? आई म्हणते, मला माहीत नाही. बाकी कुणाची पण आई 'नाही मारणार' म्हणाली असती.

तुमची क्षिप्रा (आणि लक्सा)

सिंगापूर
३० जुलै

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

दूध पाजलं नाही. पण जे केलं ते त्याहून बरं होतं असं नाही.

काल सकाळी सासूबाईंचा पुण्याहून फोन आला. पंचमीला घरात नागोबा आहे आणि तू हात जोडणार नाहीस का, म्हणाल्या. कॉर्न स्नेक म्हणजे नाग नव्हे, हे मी सांगून पाहिलं. माझा या गोष्टींवर विश्वास आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवटी झाकणावर बाहेरूनच हळद-कुंकू वाहिलं, चार अक्षता टाकल्या, आणि दिंडं करायला गेले.

दुपारी क्षिप्रानं पाणी बदललं. संध्याकाळी पेटी रिकामी होती. मी तिला नको नको ते बोलले. क्लिप नीट लावता येत नाही आणि साप पाळायला निघालीस, असंही. ती म्हणाली, लावल्या होत्या. मी ऐकून घेतलं नाही.

दिंडांची कोरडी कणीक ओट्यावर होतीच. तिघांनी मिळून सगळ्या भिंतींकडेनं रेघा ओढल्या. तासाभरानं पुढच्या दाराशी रेघ मोडलेली दिसली, आणि त्यातून एक वळणदार माग बाहेर गेलेला. बाहेर म्हणजे कॉमन कॉरिडॉर, सगळ्या शेजाऱ्यांचा. दाराबाहेरच्या रॅकवर वरुणचे सेफ्टी बूट होते, कामावरून येऊन काढलेले, आत अजून ऊब धरून असलेले. लक्सा डाव्या बुटात वेटोळं करून होता. वरुणनं त्याला स्वतःच्या हातानं उचलला. म्हणाला, रात्रभर सापडला नसता तर सकाळी कंपनीच्या बसमधून हा रिफायनरीत, तोही पासशिवाय.

मग मी झाकण धुवायला घेतलं. कडेच्या खाचेत माझ्या अक्षतांचे दोन दाणे. झाकण उचलताना घरंगळले असणार. क्लिपा टक्कन लागल्या, पण एका कोपऱ्यात झाकण बसलंच नव्हतं. दाणे तसेच तळहातावर घेऊन तिच्या खोलीत गेले आणि सांगितलं, चूक माझी होती. तिनं पाहिलं, ओके म्हणाली.

आज तिनं खात्याला फोन केला, एकटीनं, दार लावून. उद्या येतील. त्या ओकेचा अर्थ मात्र मला लागलेला नाही.

माझ्यावर लाटणं न उगारता उत्तर लिहावं.
अनू

सिंगापूर
६ ऑगस्ट

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

क्षिप्राच्या नावाचं तुमचं पत्र आलं. तिनं मला दाखवलं नाही, मीही मागितलं नाही.

गुरुवारी खात्याच्या एक बाई आल्या. क्षिप्रानं पेटीच पुढे केली. चैत्रालीचं नाव तिनं सांगितलं, स्वतःचंही लपवलं नाही. मग विचारलं, मारणार का? बाई म्हणाल्या, आधी डॉक्टर तपासतील, धडधाकट असेल तर जागा शोधू, पण शब्द देता येणार नाही. क्षिप्रानं वळून माझ्याकडे पाहिलं. सगळं ठीक होईल, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते मला ठाऊक कुठे होतं? तिनं एवढंच सांगितलं की फुटकी कुंडी काढू नका. पेटी कुंडीसकट गेली.

आमचं नाव-पत्ता लिहून घेतला. अर्जाचं काय होईल, ठाऊक नाही. वरुण म्हणतो, होईल ते होईल. पण बूट आता घरात आणून ठेवतो.

चार दिवस तिच्या खोलीचं दार लोटलेलंच होतं. काल शाळेतून आली ती सरळ स्वयंपाकघरात, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, फिजिक्समध्ये नापास झाले, त्या आठवड्यात मी फक्त त्यालाच बघत होते. मी रागावले, अगदी नेहमीसारखी. माझं संपेपर्यंत ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग फ्रीझर उघडून मटारची पिशवी काढून माझ्या हातात दिली, खाली आता कसलीच पुडी नव्हती, आणि पुढचं सांगायला लागली.

मामींना नमस्कार. तुमच्या लोभाला मात्र क्लिपा नसाव्यात.
अनू